प्रत्यारोपित मूत्रपिंड, जंतुसंसर्ग आणि परिचारिकेची नजर

बोरीवलीत राहणाऱ्या ज्या रुग्णाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली असतात, त्याचा आठवडा डायलिसिसच्या दोन किंवा तीन वारांभोवती आखलेला असतो. प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून राहायचे, त्या दिवशी थकून पडायचे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पाणी मोजून प्यायचे, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहतो. डायलिसिस केंद्र घराजवळ मिळते, पण प्रत्यारोपणासाठी बहुतेकांना परळच्या केईएम, माहीमच्या हिंदुजा किंवा अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी जावे लागते. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन आठवड्यांत रुग्ण घरी परततो आणि पुढची सगळी वर्षे ते नवे मूत्रपिंड त्याला बोरीवलीच्याच हवेत, पाण्यात आणि गर्दीत टिकवायचे असते. प्रत्यारोपणाच्या यशाचे श्रेय शल्यविशारदाला दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यानंतर रुग्णाच्या जिवाला धोका पोहोचवणाऱ्या कारणांत जंतुसंसर्ग अगदी वरच्या जागी असतो, आणि तो टाळण्याचे किंवा निदान वेळेवर ओळखण्याचे काम मुख्यतः परिचारिकेच्या आणि घरी तिची जागा घेणाऱ्या माणसाच्या हाती असते.

23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला बसवले आणि ते टिकले, कारण हे दोघे एकसारखे जुळे होते आणि दात्याच्या पेशी घेणाऱ्याच्या शरीराला परक्या वाटल्याच नाहीत. भारतात 1965 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात मृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्याचा प्रयत्न झाला, आणि 1971 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा 1994 चा असून तो ज्या तीन राज्यांना आरंभीच लागू झाला, त्यांत गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्याबरोबर महाराष्ट्रही होता. मुंबई परिसरात मेंदूमृत दात्यांचे अवयव प्रतीक्षायादीनुसार देण्याचे काम विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहते. 2023 या एका वर्षात देशात 18 हजारांहून अधिक अवयव प्रत्यारोपणे झाली आणि त्यांतली 13 हजारांहून अधिक मूत्रपिंडाची होती. म्हणजे नवे मूत्रपिंड घेऊन घरी परतणारी माणसे आता दुर्मीळ राहिलेली नाहीत.

एकसारखी जुळी भावंडे सोडली, तर इतर कोणाचेही मूत्रपिंड शरीर परके म्हणून ओळखते आणि पांढऱ्या रक्तपेशींपैकी ‘टी’ पेशी त्यावर हल्ला चढवतात. या हल्ल्याला वैद्यकात अस्वीकार आणि वॉर्डातल्या बोलीत रिजेक्शन म्हणतात. तो थोपवण्यासाठी 1960 च्या दशकात ॲझाथायोप्रिन आणि स्टिरॉइड ही जोडी वापरली जात असे. पुढे नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले, ज्याला अमेरिकेत 1983 मध्ये मान्यता मिळाली, आणि 1984 मध्ये जपानमधील त्सुकुबा परिसराच्या मातीतील जिवाणूपासून टॅक्रोलिमस हाती लागले. आज बहुतेक रुग्ण टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशी तीन औषधे एकत्र घेतात. या औषधांनी मूत्रपिंडाचे आयुष्य पुष्कळ वाढवले, पण त्यांना निवड करता येत नाही: ज्या ‘टी’ पेशी परक्या मूत्रपिंडावर तुटून पडतात, त्याच पेशी विषाणू, बुरशी आणि क्षयाचे जंतू यांनाही आवरून धरत असतात. औषध कमी पडले तर मूत्रपिंड जाण्याची भीती, जास्त झाले तर जंतूंना मोकळे रान, आणि या दोहोंमधली सुरक्षित पट्टी अरुंद असते.

यातली सर्वांत फसवी गोष्ट अशी की, ही औषधे केवळ प्रतिकार कमी करत नाहीत, तर संसर्गाची नेहमीची चिन्हेही पुसट करतात. ताप, सूज, लाली, पू आणि वेदना ही सगळी लक्षणे मुळात शरीराने जंतूंशी मांडलेल्या लढ्याची असतात. लढाच मंद झाला की लक्षणेही मंदावतात. स्टिरॉइडमुळे ताप फारसा चढत नाही, पोटात गंभीर संसर्ग असूनही पोट मऊ लागते, आणि न्यूमोनियाच्या सुरुवातीला रुग्ण फक्त जिना चढताना धाप लागते एवढेच सांगतो. नवे मूत्रपिंड पाठीकडे न बसवता ओटीपोटाच्या बाजूला, कमरेच्या हाडालगतच्या खोलगट जागेत बसवतात आणि जुनी मूत्रपिंडे बहुधा तशीच ठेवतात. बसवलेल्या मूत्रपिंडाच्या मज्जातंतूंची जोडणी तुटलेली असल्याने त्यात संसर्ग झाला तरी मूत्रपिंडाच्या दुखण्याची ओळखीची कळ येईलच असे नाही. म्हणूनच 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप हा एरवी औषध घेऊन घरी झोपण्याचा ताप असला, तरी या रुग्णाच्या बाबतीत तो त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवण्याचा ताप असतो, आणि त्याहून कमी ताप असताना रुग्ण मलूल वाटला तर तेही तितकेच महत्त्वाचे असते. शरीर जे ओरडून सांगत नाही, ते कोणाच्या तरी नजरेने टिपावे लागते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत ही नजर परिचारिकेची असते आणि तिच्या कामाचा मोठा भाग मोजण्याचा असतो. जिवंत दात्याचे मूत्रपिंड अनेकदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लघवी तयार करू लागते आणि पहिल्या चोवीस तासांत ती कित्येक लिटर होऊ शकते. त्यामुळे दर तासाला लघवी मोजून त्या हिशेबाने शिरेतून द्रव द्यावे लागते. डायलिसिससाठी हातावर धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला ज्या हाताला असतो, त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नसतो आणि त्यातून रक्तही घ्यायचे नसते, ही सूचना पलंगाजवळ लिहून ठेवलेली असते. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन, जखमेजवळची निचरा नळी, लघवीची नळी आणि सलाइनची सुई या प्रत्येक वस्तूने त्वचेचे किंवा शरीरद्वाराचे नैसर्गिक कवाड उघडे ठेवलेले असते. म्हणून यांपैकी प्रत्येक नळी आज खरोखर लागते आहे का, हा प्रश्न रोज सकाळच्या राउंडमध्ये विचारला जाणे हाच संसर्ग टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो, आणि पुष्कळदा तो प्रश्न डॉक्टरांच्या आधी परिचारिकाच काढते.

लघवीच्या नळीचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर मूत्रमार्गाचा संसर्ग हा सर्वांत जास्त आढळणारा संसर्ग आहे. नळीला जोडलेली पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली असावी लागते, पण ती जमिनीला टेकता कामा नये. रुग्णाला चाचणीसाठी चाकाच्या खुर्चीवरून नेताना मदतनीस ती उचलून रुग्णाच्या मांडीवर ठेवतो आणि पिशवीतली शिळी लघवी नळीवाटे मागे सरकते, तेव्हा जंतूंना आयती वाट मिळते. पिशवी रिकामी करताना प्रत्येक रुग्णाचे भांडे वेगळे हवे, तोटीला भांड्याची कड लागू नये, आणि एका पिशवीला हात लावून दुसऱ्या पिशवीकडे जाण्यापूर्वी हातमोजे बदलून हात स्वच्छ व्हायला हवेत. ही नळी बहुधा पहिल्या आठवड्याच्या आत काढतात. नव्या मूत्रवाहिनीच्या जोडावर ताण येऊ नये म्हणून आत ठेवलेला स्टेंट, म्हणजे दोन्ही टोकांना वळलेली एक बारीक नळी, मात्र काही आठवडे आतच राहतो आणि नंतर दुर्बिणीने काढावा लागतो. तो बाहेरून दिसत नसल्याने त्याची तारीख चुकू शकते, आणि विसरलेला स्टेंट हा वारंवार होणाऱ्या संसर्गाचे घर बनतो. ती तारीख घरी जाण्याच्या कागदावर ठळक लिहून, रुग्णाच्या तोंडून एकदा वदवून घेणारी परिचारिका पुढचा मोठा त्रास वाचवते.

हातांच्या स्वच्छतेचे महत्त्व व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये दाखवून दिले, तरी ते आचरणात आणणे आजही अवघडच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, शरीरातील द्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर, अल्कोहोलयुक्त द्रवाने वीस ते तीस सेकंद, साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद. एका परिचारिकेकडे बरेच रुग्ण असले की सर्वांत आधी हेच सेकंद कापले जातात, आणि यात तिचा आळस शोधण्यापेक्षा पाळीतील मनुष्यबळ मोजणे अधिक न्याय्य आहे. पूर्वी अशा रुग्णांना काटेकोर एकांतात ठेवून येणाऱ्या प्रत्येकाला गाऊन, टोपी आणि बूट-आवरणे घालायला लावत. पुढे असे दिसून आले की एवढ्या सोपस्कारांनी हात धुण्यापलीकडे फारसा वेगळा फायदा होत नाही, आणि आता अनेक केंद्रांत स्वच्छ स्वतंत्र खोली, मोजकेच भेटायला येणारे आणि हातांची शिस्त एवढ्यावरच भर असतो. सर्दी-खोकला झालेल्या नातलगाला दाराबाहेरूनच परत पाठवणे आपल्याकडे अवघड जाते, कारण भेटायला येणे हे आपुलकीचे लक्षण मानले जाते. तरीही हे काम कुटुंबातल्या कोणावर न टाकता परिचारिकेने स्वतःच्या अंगावर घेतले, तर घरच्यांचे संबंध बिघडत नाहीत.

बोस्टनचे रॉबर्ट रुबिन आणि जे फिशमन यांनी प्रत्यारोपणानंतरच्या संसर्गांची काळानुसार मांडणी केली आणि ती आजही जगभर वापरली जाते. पहिल्या महिन्यात बहुतेक संसर्ग कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेनंतर होणारेच असतात, म्हणजे जखमेचे, फुप्फुसाचे, मूत्रमार्गाचे, शिरेतील नळीचे, आणि क्वचित दात्याच्या अवयवाबरोबर आलेले. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात औषधांचा एकूण परिणाम सर्वाधिक असतो आणि निरोगी माणसाला सहसा न सतावणारे, संधी साधून उठणारे जंतू पुढे येतात. सहा महिन्यांनंतर, मूत्रपिंड नीट चालत असेल आणि औषधांची मात्रा उतरली असेल, तर उरतात ते मुख्यतः समाजात सर्वांनाच होणारे संसर्ग, फक्त अधिक तीव्रतेने.

या मधल्या काळातील सायटोमेगॅलो हा विषाणू भारतात बहुतेक प्रौढांच्या शरीरात लहानपणापासून सुप्त असतो आणि औषधांनी पहारा ढिला केला की जागा होतो. बारीक ताप, गळून गेल्यासारखे वाटणे, जुलाब आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होणे ही त्याची चिन्हे. त्याला रोखण्यासाठी अनेक रुग्णांना काही महिने व्हालगॅन्सिक्लोव्हिर देतात. न्यूमोसिस्टिस या बुरशीचा न्यूमोनिया टाळण्यासाठी दिली जाणारी कोट्रायमोक्साझोलची गोळी मूत्रमार्गाच्या काही संसर्गांनाही आळा घालते, पण ती इतकी जुनी आणि स्वस्त आहे की रुग्णाला ती बिनमहत्त्वाची वाटून तो ती परस्पर बंद करतो. बीके हा विषाणू 1971 मध्ये एका मूत्रपिंड प्रत्यारोपित रुग्णाच्या लघवीत प्रथम सापडला आणि त्या रुग्णाच्या आद्याक्षरांवरून त्याला नाव मिळाले. तो थेट नव्या मूत्रपिंडावरच घाला घालतो, त्यावर खात्रीचे औषध नाही, आणि उपाय म्हणून प्रतिकार दाबणारी औषधेच कमी करावी लागतात, म्हणजे संसर्ग आवरताना रिजेक्शनचा धोका पत्करावा लागतो. तोंडातील बुरशी त्यामानाने साधी असते. जिभेवर आणि गालाच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके दिसतात, आणि रोज एकदा बॅटरीच्या उजेडात तोंड पाहणारी परिचारिका ते रुग्णाचे गिळणे दुखू लागण्याआधीच पकडते.

मुंबईच्या संदर्भात सर्वांत गंभीर विचार क्षयाचा करावा लागतो. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, मुंबई दाट वस्तीची आहे, आणि 2011 च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी जवळजवळ सर्वच औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवल्यावर या शहराचे नाव जगभरच्या वैद्यकीय वर्तुळात पोहोचले. प्रत्यारोपित रुग्णाला क्षय होण्याची शक्यता इतरांहून कित्येक पटींनी अधिक असते आणि तो नेहमीच फुप्फुसात बसत नाही. गाठी, मणका, आतडे किंवा सर्व शरीरभर तो पसरलेला असू शकतो, खोकला नसतो, फक्त संध्याकाळी कणकण येते आणि वजन उतरत जाते. डायलिसिसवर असताना वजन वाढले की पाणी साठले असे समजण्याची सवय लागलेल्या घराला वजन कमी होणे हे चांगले लक्षण वाटू शकते, आणि म्हणून रोजच्या वजनाची वही दोन्ही दिशांनी वाचायला शिकवावी लागते. उपचारही सरळ नसतात, कारण क्षयावरचे प्रमुख औषध रिफाम्पिसिन यकृतातील विकरांचा वेग वाढवते आणि रक्तातले टॅक्रोलिमस झपाट्याने खाली आणते. एकीकडे क्षय बरा होत असताना दुसरीकडे मूत्रपिंड नाकारले जाऊ नये यासाठी डॉक्टरांना मात्रा वारंवार बदलाव्या लागतात.

टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी, जिला सर्वजण लेव्हल म्हणतात, ही या सगळ्या उपचाराची नाडी आहे आणि तिची अचूकता एका साध्या प्रश्नावर अवलंबून असते. रक्त पुढच्या गोळीच्या अगदी आधी, म्हणजे आधीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी घ्यायचे असते. रात्री नऊला गोळी घेणारा बोरीवलीचा रुग्ण सकाळी लोकलने प्रभादेवीला उतरून परळला चालत जातो, तेव्हा सवयीने घरूनच सकाळची गोळी घेऊन निघाला, तर आकडा खोटाच वर दिसतो. तो पाहून मात्रा कमी केली गेली, तर काही आठवड्यांनी, मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे दाखवणारे, रक्तातले क्रिएटिनिन वाढू लागते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. रक्त घेण्यापूर्वी ‘आज सकाळची गोळी घेतलीत का?’ असे विचारणारी आणि उत्तर होय आले तर रक्त न घेता दुसरा दिवस देणारी परिचारिका त्या मूत्रपिंडाचे रक्षण करत असते. गोळी डब्याबरोबर सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावर तिथेच घ्यावी, ही सूचना पहिल्याच भेटीत द्यायला हवी.

घरी गेल्यावर शुश्रूषा कोण करणार, या प्रश्नाला आपल्याकडे एक खास गुंतागुंत आहे. भारतात बहुसंख्य मूत्रपिंडे जिवंत दात्यांकडून येतात आणि त्यांत आई किंवा पत्नी यांचे प्रमाण मोठे असते. म्हणजे जिच्यावर रुग्णाच्या गोळ्या, पथ्य, वजन आणि तापमान यांची जबाबदारी पडते, तिच्या स्वतःच्या पोटावरही ताजी जखम असते. तिने अमुक किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये असे सांगून तिलाच पाण्याच्या कळशा उचलायला लावणारे घर दुर्मीळ नाही. म्हणून घरी सोडण्यापूर्वीचे शिक्षण दात्याखेरीज घरातल्या आणखी एका व्यक्तीला द्यायला हवे, आणि ते तोंडी सूचनांत न संपवता थर्मामीटर लावणे, वजन लिहिणे, गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरणे आणि रक्तदाब मोजणे या गोष्टी त्या व्यक्तीकडून प्रत्यक्ष करवून घ्यायला हव्यात.

बोरीवलीच्या घरात धोके ओळखीच्याच रूपात असतात. जुन्या इमारती पाडून पुनर्विकासाचे काम जवळजवळ प्रत्येक गल्लीत चालू आहे, आणि पाडकामाच्या धुळीत ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू मोठ्या प्रमाणात असतात. निरोगी फुप्फुस त्यांना सहज झटकते, पण प्रत्यारोपित रुग्णात ते मूळ धरू शकतात. शेजारची इमारत पडत असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद, फरशी झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसलेली, आणि बाहेर पडताना नीट बसणारा मास्क, एवढी तयारी तरी हवी. खिडकीच्या ग्रिलवर आणि एसीच्या मागे बसणाऱ्या कबुतरांची विष्ठा वाळून उडते आणि तिच्यात क्रिप्टोकॉकस ही बुरशी असू शकते, जी फुप्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत जाते; काही दिवस टिकणारी डोकेदुखी हे तिचे एकमेव लक्षण असू शकते. मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून 2025 मध्ये झालेला वाद धर्म, दया आणि आरोग्य अशा अनेक अंगांनी लढला गेला, पण प्रत्यारोपित रुग्णाच्या खिडकीपुरता प्रश्न स्पष्ट आहे: तेथे दाणे टाकू नयेत, जाळी लावावी, आणि साचलेली विष्ठा रुग्णाने स्वतः कधीही साफ करू नये, दुसऱ्या कोणी ती आधी ओली करून मग काढावी.

पावसाळा हा स्वतंत्र विषय आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि पुराचे पाणी ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने अनेक बळी घेतले. उंदीर आणि इतर जनावरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येणारे हे जंतू पायावरच्या बारीक चिरेतून शरीरात शिरतात आणि यकृताबरोबर मूत्रपिंडावरच आघात करतात. राष्ट्रीय उद्यानातून येणाऱ्या दहिसर नदीच्या काठच्या वस्त्यांत आणि रेल्वेखालच्या सखल रस्त्यांवर जोराच्या पावसात पाणी साचते. प्रत्यारोपित रुग्णाने अशा पाण्यात पाय घालू नये, आणि नाइलाजाने घालावा लागला तर पाय साबणाने धुऊन, चिरा तपासून, त्याच दिवशी केंद्राला फोन करून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावे. डेंग्यू आणि मलेरियाही याच महिन्यांत येतात. डेंग्यूत प्लेटलेट घटतात आणि या रुग्णांत मूत्रपिंडाचे कामही मंदावू शकते, म्हणून दिवसाही आणि रात्रीही मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे ही मात्रा चुकवता येत नाही.

खाण्यापिण्याची पथ्ये सांगताना घरातली रीतभात समजून घेतली नाही, तर ती पाळली जात नाहीत. रस्त्यावरची पाणीपुरी, उघड्यावर कापलेली फळे, बर्फाचा गोळा आणि आधीच वाटून ठेवलेल्या चटण्या टाळायच्या हे रुग्णाला पटते. पण सत्यनारायणाच्या पूजेतले पंचामृत आणि तीर्थ नाकारणे घरातल्या ज्येष्ठांना अपमानासारखे वाटते. कच्च्या दुधातून लिस्टेरियासारखे जंतू येऊ शकतात, म्हणून पंचामृत उकळलेल्या दुधाचे करावे किंवा रुग्णाने ते डोळ्यांना लावून बाजूला ठेवावे, अशी वाट काढून द्यावी लागते. मोड आलेली कडधान्ये कच्ची न खाता नीट शिजवून उसळ करून खावी, पाणी उकळून गार केलेले प्यावे. गणपतीच्या दिवसांत घरोघर येणारे पपनस आणि त्याच्याच जातकुळीतले ग्रेपफ्रूट ही फळे आतड्यातील विकर रोखून टॅक्रोलिमसची लेव्हल वाढवतात, हे फारच थोड्या घरांना ठाऊक असते. जुलाब झाले तरीही लेव्हल वाढते आणि त्यात शरीरातले पाणी कमी झाल्याने मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. एका पाणीपुरीचा परिणाम असा क्रिएटिनिनच्या आकड्यापर्यंत पोहोचतो.

लसींचा हिशेब शक्यतो प्रत्यारोपणापूर्वीच पुरा करायचा असतो, कारण औषधे सुरू झाल्यावर लसींना शरीर कमी प्रतिसाद देते. हेपॅटायटिस बी, न्यूमोकॉकस आणि दरवर्षीची इन्फ्लुएंझा या मृत किंवा अंशरूप लसी नंतरही चालतात. कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला आणि तोंडावाटे दिला जाणारा पोलिओ या जिवंत लसी प्रत्यारोपणानंतर चालत नाहीत. घरात तान्हे मूल असेल तर पोलिओ रविवारी बूथवर जाण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना रुग्णाबद्दल सांगून सुईवाटे दिल्या जाणाऱ्या लसीची सोय विचारावी, कारण तोंडावाटे दिलेल्या लसीतला जिवंत विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. शाळकरी नातवंडाला कांजिण्या झाल्या, तर रुग्णाच्या अंगावर पुरळ येण्याची वाट न पाहता संपर्क आला त्याच दिवशी कळवावे, कारण संरक्षक उपचारांचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच होतो.

वर्षभरानंतर रुग्ण कामावर जाऊ लागतो, पुन्हा लोकलच्या गर्दीत उभा राहतो आणि वहीतल्या नोंदी विरळ होतात. याच टप्प्यावर टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइड यांमुळे नव्याने मधुमेह उद्भवलेला असू शकतो, आणि मग पायाची छोटी जखमही दुर्लक्ष करण्यासारखी राहत नाही. खोकला-ताप आला की माणूस परळऐवजी कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरकडे जातो, आणि ते स्वाभाविकच आहे; परंतु तेथे सहज लिहून दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन किंवा नायट्यावरची फ्लुकोनाझोलची गोळी लेव्हल दुप्पट-तिप्पट करू शकते आणि अंगदुखीवरचे डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला थेट इजा करते. म्हणून चालू औषधांची नावे, मात्रा, अखेरची लेव्हल, अखेरचे क्रिएटिनिन आणि प्रत्यारोपण समन्वयकाचा क्रमांक लिहिलेले एक कार्ड पाकिटात ठेवायला परिचारिका सांगतात. रात्री जवळच्या रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली, तर ते कार्ड पुढे करावे, प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्त आणि लघवी कल्चरसाठी घेण्याची विनंती करावी, आणि टॅक्रोलिमसची ठरलेली वेळ त्या धावपळीतही चुकू देऊ नये.